पहिल्या गाडीचा नारळ

“नव्या शेडच्या पहिल्या गाडीचा नारळ लॉर्डसाहेब फोडतील. प्रोग्रॅममध्ये तसंच टाका,” प्लँट हेड भाटेसाहेब म्हणाले.

“सर, तो मान तात्या पाटलांचा आहे.”

“शेवाळे, लॉर्डसाहेब कंपनीचे डायरेक्टर आहेत, लंडनहून येतायत. तात्यांना समजवा.”

समजवा. माझी आख्खी नोकरी या एका शब्दावर गेली. लोकांना वाटतं, ॲडमिन मॅनेजर म्हणजे एसीत बसून सह्या. कॅन्टीनची पातळ आमटी, शिफ्टच्या बसेस, गेट आणि गाव, हे सगळं ॲडमिन. प्रॉडक्शनवाले पार्ट बनवतात, उरलेलं आम्ही निस्तरतो.

चाकणजवळ आमची कंपनी आहे ती जमीन पूर्वी तात्यांच्या घराची. जमीन गेली, पैसे आले, पण एक रिवाज राहिला. नवी शेड असो की नवं मशीन, पहिला नारळ पाटलाच्या घरचा माणूस फोडणार. हे कुठेही लिहिलेलं नाही. आमच्या मागच्या गेटचा रस्ता तात्यांच्या उरलेल्या तुकड्यातून जातो, तेही कुठे लिहिलेलं नाही. नव्या शेडचा माल त्याच रस्त्यानं निघणार होता. तात्यांनी ट्रॅक्टर आडवा लावला की माल आत आणि मी बाहेर. माझ्या आधीच्या ॲडमिन मॅनेजरची नोकरी अशाच एका ट्रॅक्टरनं खाल्ली होती. मला निवृत्तीला थोडेच महिने उरले होते आणि ते शांतपणे जावेत, एवढीच इच्छा होती.

तात्या बंगल्याच्या ओट्यावर तंबाखू मळत बसले होते.

“कोन हाय ह्यो लॉर्ड?”

पाहुण्यांची ओळख मलाच करून द्यायची होती, त्यामुळे बायोडेटा पाठ होता. “वडील गेल्यावर किताब यांच्याकडे आला. किताबाबरोबर पार्लमेंटच्या वरच्या सभागृहात जागा. पक्ष हुजूर पक्ष. तिकडचा जुनं धरून चालणारा.”

“म्हंजे निवडून न्हाई आला?”

“एकदा आले. मध्ये कायदा करून बहुतेक वारसदारांना काढलं, यांनाही. थोडे ठेवले. ठेवलेल्यांतलं कोणी कमी झालं की पोटनिवडणूक. उमेदवार वारसदार, मतदारही बहुतेक वारसदारच. तसे हे परत आत गेले.”

तात्या मनापासून हसले. “आमची गावची सोसायटी की!”

“मग प्रतोद झाले. मतदानाला पक्षाची माणसं हजर ठेवायची.”

“मुकादम.”

“थोडे दिवस मंत्रीही होते. नंतर मजूर पक्षाचं सरकार आलं. आता नवा कायदा होतोय. उरलेले वारसदारही घरी.”

तात्यांचं हसू थांबलं. तंबाखू मळणारा अंगठाही थांबला.

“आमची पाटीलकी बी कायद्यानंच गेली. माझा आजा जेवला नव्हता म्हनं. आता पोलीस पाटील परीक्षा देऊन हुतो.” मळलेली तंबाखू त्यांनी झटकून टाकली. “फोडू द्या त्यालाच, साहेब. सारं गेल्यालं मानूस हाय.”

मला केवढं सुटल्यासारखं वाटलं! भाटेसाहेबांना फोन केला. “बघा, समजावलं की होतं,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लॉर्डसाहेबांना आणायला मी विमानतळावर गेलो. उंच, किडकिडीत, कोपरावर विरलेला कोट. येताना भोसरीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो. त्यांनी प्रोग्रॅम वाचला आणि विचारलं, “हा नारळ एरवी कोण फोडतं?”

खोटं बोलायलाही अंगात त्राण लागतं. ते नव्हतं. मी खरं सांगून टाकलं, तात्यांनी मान का सोडला तेही.

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आमच्याकडेही सध्या सगळे फार सभ्यपणे वागतायत. निरोपाची जेवणं, भाषणं. त्या सभ्यपणाचाच जास्त त्रास होतो.”

शेडपुढे ट्रकला हार घातला होता. भाटेसाहेबांनी नारळ लॉर्डसाहेबांच्या हातात दिला. लॉर्डसाहेब म्हणाले, “माझा खांदा दुखतो,” आणि दोन्ही हातांनी नारळ तात्यांपुढे धरला.

तात्यांनी हात मागं घेतले. “न्हाई न्हाई. पाव्हन्याचा मान.”

मी भाषांतर केलं. लॉर्डसाहेबांनी पुन्हा पुढे केला. तात्यांनी घेतला आणि परत दिला. पुन्हा तेच. ऑपरेटर लोक आधी हसत होते, मग हसायचे थांबले. दोघांनाही कळून चुकलं होतं की समोरचा आपल्यावर दया करतोय. आणि दया घ्यायला दोघांपैकी एकही तयार नव्हता.

तात्यांचा चेहरा लाल झाला. “साहेब, तुमी ह्याला काय सांगितलंत?”

मला डोळ्यांसमोर ट्रॅक्टर दिसायला लागला. भाटेसाहेब घड्याळ बघत होते, मुहूर्त निघून चालला होता. तात्यांनी नारळ घेतला आणि माझ्या छातीवर टेकवला.

“मग ह्ये फोडत्यात. ह्ये ना गावचं, ना लंडनचं.”

लॉर्डसाहेबांना भाषांतर लागलं नाही. त्यांनी लगेच टाळी वाजवली.

पहिल्या फटक्याला नारळ फुटला नाही. दुसऱ्याला फुटला, पाणी माझ्या पँटवर. गाडी तात्यांच्या रस्त्यानं सुखरूप हायवेला लागली. संध्याकाळी भाटेसाहेब म्हणाले, “तुम्ही कशाला पुढे झालात?”

यथावकाश तिकडे कायदा झाला. लॉर्डसाहेबांची जागा गेली. त्यांचा मला एका ओळीचा मेल आला: खांदा आता बरा आहे. नंतर मीही निवृत्त झालो. आता पुनावळ्याच्या फ्लॅटमध्ये असतो आणि कोणालाही काही समजावत नाही.

परवा माझ्या जागेवर आलेल्या मुलीचा फोन आला. ताथवड्याला शिकलेली, हुशार पोरगी.

“सर, नवीन प्रेस मशीन आलंय. भाटेसर नारळ फोडायला गेले, तर तात्यांनी अडवलं. म्हणाले, नारळ ॲडमिनवाला फोडतो, रिवाज हाय. बाईनं कसा फोडायचा, म्हणून कुजबुज झाली, तर म्हणाले, मान खुर्चीचा हाय. सर, हा रिवाज कधीपासूनचा?”

“फार जुना,” मी म्हणालो. “जोरात मार. पहिल्या फटक्याला फुटत नाही.”

ॲडमिनमध्ये येणाऱ्यांना माझा एकच सल्ला आहे. भांडणातला नारळ चुकूनही हातात घेऊ नका. एकदा घेतलात की तो तुमच्या मागून येणाऱ्यालाही चुकत नाही.