दुपट्ट्याखालचं इंग्रजी

साऱ्या केळापूर तालुक्यात आमच्या मास्तरांइतकं शुद्ध इंग्रजी दुसरं कोणी बोलत नव्हतं, आणि ते ऐकायचा योग फार थोड्या लोकांना आला. कारण वाक्य पूर्ण तयार झाल्याशिवाय मास्तर तोंड उघडत नसत. आधी कर्ता निवडायचा, मग क्रियापद तपासायचं, शेवट कुठं येतो ते पाहून ठेवायचं, आणि मग बोलायचं. तोवर समोरचा माणूस घरी पोचलेला असे. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी त्यांना काही विचारलं, तर यांनी डोळे मिटले. साहेबांना वाटलं, माणसाला भोवळ आली. त्यांनी पाणी मागवलं. मास्तरांनी पाणी शांतपणे पिऊन टाकलं, आणि साहेब फाटकाबाहेर पडल्यावर उत्तर दिलं. उत्तरात एकही चूक नव्हती, असं त्यांनीच मला सांगितलं. मराठीत बोलतानाही सवय तीच. चहा घेता का विचारलं, की चहा निवल्यावर 'हो' यायचं.

मी पांढरकवड्याच्या बैलबाजारातला दलाल. माझा बाप गावातली मेलेली जनावरं ओढायचा. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी आमच्या वस्तीनं ते काम सोडलं, आणि मी जिवंत जनावरांच्या धंद्यात शिरलो. मला कोणी शिकवलं नाही. लाथा खात शिकलो, त्यात बैलांच्या कमी होत्या. आमच्या बाजारात भाव तोंडानं होत नाही. दोघं जण एका दुपट्ट्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात, भोवतालच्या गर्दीला काही कळत नाही. एरवी माझ्यापासून चार हात लांब उभे राहणारे लोक त्या दुपट्ट्याखाली माझा हात घट्ट धरत. मास्तर आमच्याच वस्तीत, माझ्या भिंतीला भिंत लागून एका खोलीत एकटे राहत. मूळचे घाटंजीकडचे. वस्तीतला पहिला कोट त्यांच्या अंगावर आला, आणि मग वैशाखातल्या उन्हातही तो कधी उतरला नाही. 'मास्तर, काढा ना तो कोट, शिजून राह्यले तुमी,' असं बायाही म्हणत. मास्तर डोळे मिटत, बाया हसत पाण्याला निघून जात.

मला इंग्रजीची गरज पडली ती जंगलखात्याच्या लाकूड डेपोमुळं. तोडलेला साग जंगलातून डेपोपर्यंत बैलगाड्यांनी आणायचा ठेका दरवर्षी उघड बोलीनं दिला जाई. तालुक्यातला कोणता बैल कोणत्या घाटात बसेल, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. पण डेपोचे साहेब मद्रासकडचे, त्यांना मराठी येत नव्हतं. मधे दुभाषी म्हणून तिथले मोठे कारकून, बडेबाबू. माझं बोलणं त्यांच्या तोंडातून साहेबापर्यंत जाताना त्यातलं सगळं मीठ वाटेत सांडायचं. मी म्हणायचो, गाड्या उभ्या आहेत. साहेब ऐकायचे, बहुतेक मिळतील. ठेका बडेबाबूंच्या ओळखीतल्या माणसाला गेला. ज्याला आपल्या तोंडानं सौदा करता येत नाही, तो दलाल कसला? पुढच्या बोलीला मीच बोलणार, असं ठरवून मी मास्तरांच्या दारात जाऊन बसलो.

'मास्तर, इंग्रजीत काळ किती?'

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, 'बारा.'

'मले बारा कायले पायजे? एक जोडी द्या. भूत आन् भविष्य. बाकीचे राहू द्या तुमच्यापाशी.'

'काळ सुटे मिळत नाहीत, दलालभाऊ.'

'मीठ सुटं भेटते, तंबाखू सुटा भेटते, मंग काळच काहून नाई भेटत?'

मी उठून निघाल्यासारखं केलं. बाजारात ही युक्ती हमखास लागू पडते. मी उंबऱ्यापर्यंत पोचलो तेव्हा मास्तरांनी डोळे उघडले. 'एकच घेऊन जा. प्रेझेंट परफेक्ट. साहेब लोक दुसरं काही विचारतच नाहीत. गाड्या आल्या का, माल पोचला का, काम झालं का. आपण सांगायचं, आल्यात, पोचलाय, झालंय. हुकूम ऐकणाऱ्याला एवढा एक काळ पुरतो.'

बदल्यात मी त्यांचा आठवडी बाजार करायचा, असं ठरलं. ते फार गरजेचं होतं. मास्तरांना घासाघीस करणं हे व्याकरणाची चूक केल्यासारखं वाटे. भाजी विकणारी म्हातारी भाव सांगायची, तो त्यांना कमी वाटायचा, आणि ते तिलाच वर काही देऊन यायचे. भेंडी मोडून पाहावी, तर म्हणत, 'तिला वाईट वाटेल.' मी सोबत जाऊ लागल्यापासून त्यांच्या घरी प्रथमच कोवळी भेंडी शिजली. मी म्हातारीशी भांडत असताना मास्तर मात्र पाठ करून उभे राहत, जणू त्यांची आमची ओळख नाही.

शिकणं काही पुढं सरकेना. पुस्तकातलं वाक्य डोक्यात जायचं आणि तिथंच बसून राहायचं, उठवलं तरी थकल्या बैलासारखं पुन्हा बसायचं. माझा आवाज चढायचा, पाटी भिंतीवर आपटायची. मग एके दिवशी मास्तर बैलबाजारात आले आणि मला सौदा करताना पाहत राहिले. परत येताना म्हणाले, 'तुमची अक्कल डोक्यात नाही, दलालभाऊ, बोटांत आहे.' त्या दिवसापासून आमची शाळा दुपट्ट्याखाली भरू लागली. अंगठा दाबला की 'हॅव', करंगळी दाबली की 'हॅज', मधलं बोट म्हणजे नकार, आणि मनगट आवळलं की क्रियापदाचं तिसरं रूप. तोंडानं शिकताना घाम फुटायचा, हातानं शिकताना वाक्यं आपोआप पडू लागली.

वाईट एवढंच होतं की मास्तरांची सगळी उदाहरणं सुतकी असत. 'द वेल हॅज ड्राइड', विहीर आटली आहे. 'द गोट हॅज डाइड', बकरी मेली आहे. एकदा मी वैतागून म्हणालो, 'मास्तर, एखांदं तरी चांगलं सांगा नं. दिवसभर बाजार करून यावं आन् इथं मयतीत बसावं का?' मास्तरांनी डोळे मिटले. बाहेर गुरं घरी परतली, धूळ बसली, माझ्या बायकोनं दोनदा डोकावून पाहिलं. शेवटी मास्तरांनी माझी करंगळी दाबली, मधलं बोट दाबलं, मनगट आवळलं. 'द गोट हॅज नॉट डाइड.' मी हसलो. ते हसले नाहीत. हसू पळावं असं त्यांच्या घरी काय काय होऊन गेलं असेल, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

बोलीच्या दिवशी मास्तर सुट्टी काढून, कोट घालून माझ्यासोबत डेपोवर आले. माझी जीभ ऐन वेळी फिरू नये म्हणून शेजारी उभे राहिले आणि त्यांनी हात माझ्या दुपट्ट्याखाली घातला. माझी पाळी आली. साहेबांनी खुर्चीतून विचारलं, 'हॅव यू अरेंज्ड द कार्ट्स?' अंगठा दाबला गेला, मनगट आवळलं. मी म्हणालो, 'येस सर, आय हॅव अरेंज्ड.' साहेबांनी मान वर केली. आजवर ते माझ्याशी बोलताना बडेबाबूंकडे पाहत. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. 'हॅव दे कम?' मी म्हणालो, 'दे हॅव कम, सर.' फाटकाबाहेर माझे गाडीवाले जू धरून उभे होते. बडेबाबूंचा चेहरा उतरला. मग त्यांना दुपट्टा हलताना दिसला, आणि ते साहेबांच्या कानाशी लागले.

साहेब उठून आले. त्यांनी छडीच्या टोकानं माझा दुपट्टा उचलला. खाली आमचे हात एकमेकांत गुंतलेले. दुपट्ट्याखाली हात म्हणजे चोरून ठरवलेला भाव, हे पांढरकवड्यात शेंबड्या पोरालाही माहीत. जमलेले ठेकेदार खो खो हसले. साहेब जे बोलले त्यातला मला एकच शब्द कळला, 'चीट'. मी ओरडलो, 'भाव नाई करून राह्यलो साहेब, इंग्रजी करून राह्यलो!' त्यांना माझं ओरडणं तेवढं कळलं. मी मास्तरांना गदागदा हलवलं. 'मास्तर, तुमी सांगा नं. तुमाले तं येते.'

मास्तरांनी डोळे मिटले.

साहेब वाईट नसावेत. ते थांबले, मास्तरांच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग त्यांनी माझं नाव कापायला सांगितलं. बोली झाली, ठेका पुन्हा त्याच माणसाला गेला, साहेबांची जीप निघून गेली. माझे गाडीवाले काही न बोलता बैल वळवून घेऊ लागले. तेव्हा मास्तरांनी डोळे उघडले आणि रिकाम्या खुर्चीला सांगितलं, 'सर, यू हॅव मेड अ मिस्टेक. दिस मॅन हॅज ओन्ली लर्न्ड.' साहेब, तुमची चूक झाली आहे, हा माणूस फक्त शिकला आहे. ज्यात मरणं नाही, आटणं नाही, असं त्यांचं मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य.

मी म्हणालो, 'मास्तर, तुमचं इंग्रजी म्हंजे तिरडी बांधल्यावर आलेला डाक्टर.' याचं उत्तर द्यायला त्यांनी पुन्हा डोळे मिटले. मी थांबलो नाही.

त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. मास्तर पुन्हा एकटे बाजाराला जाऊ लागले आणि पुन्हा जून भेंडी आणू लागले. भिंतीपलीकडून त्यांचा खोकला ऐकू यायचा. लोक म्हणत, दलाल, म्हाताऱ्यावर कायले राग धरता? मी म्हणायचो, ठेका तुमचा गेला काय?

थंडी सरता सरता कळलं की मास्तर यवतमाळच्या दवाखान्यात जाऊन राहणार आहेत. ते निघाले त्या दिवशी मी एसटी स्टँडवर गेलो. एका गिऱ्हाइकाला भेटायचं आहे, असं घरी सांगून गेलो. मास्तर खिडकीशी बसले होते, कोट घालून. मला पाहून त्यांनी डोळे मिटले, आणि माझ्या लक्षात आलं की हे डेपोवरच्या त्या टोमण्याचं उत्तर आहे, अजून तयार होत आहे. मी खिडकीची दांडी धरून उभा राहिलो. कंडक्टरनं घंटी दिली. मास्तरांनी घाईनं माझ्या दुपट्ट्याचं टोक ओढून आमच्या हातांवर टाकलं. अंगठा दाबला, मग मनगट, मग सगळी बोटं एकदम धरली आणि धरूनच ठेवली. असं काही त्यांनी मला शिकवलं नव्हतं आणि बाजारातही असा आकडा नाही.

पहिल्या बोलीला मी जन्मात कधी हो म्हटलेलं नाही. त्या दिवशी म्हणालो, 'मंजूर, मास्तर.' गाडी हलली, दुपट्टा थोडा ओढला गेला आणि सुटला.

मास्तर परत आले नाहीत. त्यांना काय म्हणायचं होतं ते माझ्यापर्यंत पोचलं नाही, आणि डेपोवरचा राग गेला असंही नाही. तो ठेका हक्कानं माझाच होता. पण अजूनही बाजारात दुपट्ट्याखाली कोणी माझा हात गरजेपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवला, तर त्याचा आकडा काय होता, ते मला दुसऱ्यांदा विचारावं लागतं.