सूर्यास्तासाठी उरकलेली सभा

संवाद या शब्दावरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी मी एका प्रतिष्ठानात नोकरीला होते. मुख्य कार्यालय पुण्यात, शाखा नागपुरात. काम काय, तर वेगवेगळ्या प्रांतांतल्या माणसांना एकमेकांच्या गावी न्यायचं आणि लोकशाही व शाश्वत विकास यांवर बोलतं करायचं. कोकणातले मच्छीमार, मराठवाड्यातले शेतकरी, ईशान्येच्या डोंगरांतली माणसं, वर दोन-तीन परदेशी पाहुणे. कल्पना वाईट नव्हती. हे मी आजही म्हणते, कारण वाईट कल्पनेवर माणूस इतका चिडत नाही.

मी नागभीडची. वडील रेल्वेत होते. आमच्या बौद्ध घरात मतदानाचा दिवस सणासारखा असायचा. आई त्या दिवशी पेटीतलं नवं लुगडं काढून नेसायची आणि शाई लागलेलं बोट संध्याकाळपर्यंत जपायची. त्यामुळे मत म्हणजे काय हे मला कोणी पुण्याहून येऊन शिकवायची गरज नव्हती. पण शिकवलं. प्रतिष्ठानात माझं काम दुभाष्याचं होतं. झाडीपट्टीची बोली मी पुस्तकी मराठीत आणि हिंदीत आणायची, तिथून पुढे इंग्रजी करायला दिल्लीचा एक माणूस होता.

वैनगंगेच्या अलीकडे तलावाकाठचं एक गाव आम्ही दोन वर्षं धरून होतो. गावात जास्त घरं ढिवरांची. मासेमारी करायची, थोडा धान पिकवायचा, उरलेल्या दिवसांत मजुरी. या गावाची सभा आमच्या संचालकांना फार आवडायची, आणि आवडावी अशीच होती. तिथे मतं मोजत नसत. विषय निघाला की सगळे गोल करून बसायचे, हवं तितकं बोलायचे, भांडायचे. शेवटी सभा चालवणारे एक म्हातारे गृहस्थ, ज्यांना सगळं गाव भाऊ म्हणायचं, ते एकेका चुलीला, म्हणजे एकेका घराला, विचारायचे, "तुमचं काय?" प्रत्येक चुलीतून एकाने "हो" म्हणायचं. एकानेही "हो" म्हटलं नाही तर निर्णय झाला नाही. सगळे धोतर झटकून उठायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत बसायचे. "या गोष्टीले घाई नाई करत बापा," म्हातारे भाऊ मला म्हणाले होते. "आज नाई त उद्या बसू. उद्या नाई त परवा. तलाव का पळून जाते का?"

तलावातल्या मासोळ्यांचा हिशेबही चुलीवरच होता. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सगळं गाव मिळून जाळी टाकायचं आणि पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पळसाच्या पानांवर ढीग लावायचं. एक चूल, एक ढीग. ज्याचा ढीग त्यालाच सभेत जागा. म्हणजे पोट आणि तोंड दोन्ही एकाच गोष्टीला बांधलेली.

त्या हिवाळ्यात सभेपुढे एका विधवा बाईचा प्रश्न होता. नवरा जाऊन चारेक वर्षं झाली होती. तेव्हापासून सभेत तीच बसायची, तीच "हो" म्हणायची, तिचा ढीग तीच उचलायची. मासोळ्या वाळवून नागभीडच्या बाजारात विकायची आणि मुलीला सांभाळायची. आता तिच्या दिराने विषय काढला होता की भाऊ गेला, तेव्हा त्याची चूल आमच्या चुलीत धरावी, वेगळा ढीग कशाला. बाकीच्यांना यात वाईट काही दिसत नव्हतं. एक ढीग कमी झाला की उरलेले ढीग थोडे थोडे वाढतात, हे समजायला शाळेत जावं लागत नाही.

सभा या विषयावर बरेच दिवस बसत होती. बाई रोज "नाई" म्हणत होती, आणि रोज सगळे उठून जात होते. मला तर वाटायचं, ही बाई जिंकणार. माणसं कंटाळतात, लाजतात, शेवटी सोडून देतात. त्या पद्धतीचा जीव त्यातच होता: एकटी बाई सगळ्या गावाला थोपवून धरू शकत होती.

आणि नेमकी त्याच वेळी आमची बस आली.

दुपारच्या जेवणाआधी पाहुणे उतरले. गावाने काय सरबराई केली! अंगणं सारवली होती, शाळेतून सतरंज्या आणल्या होत्या, आणि पाळीवरच्या झाडाला आमचा फलक बांधला होता, त्यावर लोकशाही, शाश्वतता, संवाद असे तीन मोठे शब्द. कोकणातली एक कोळीण थेट त्या विधवेपाशी जाऊन बसली. तिने विचारलं, तुम्ही मासे वाळवताना मीठ लावता का? आमची बाई म्हणाली, "मीठ कायले? धुराले लावतो ना." कोळणीला हसू आलं, तिला धुराचे मासे म्हणजे जळालेले मासे वाटले. मग दोघींनी एकमेकींच्या हाताचा वास घेतला आणि इतक्या हसल्या की मला मध्ये बोलावंच लागलं नाही. प्रतिष्ठानाच्या सगळ्या वर्षांत मी पाहिलेला खरा संवाद तेवढाच. अहवालात तो कुठेच आला नाही.

जेवणानंतर सभा भरली. पाहुण्यांना प्रत्यक्ष सभा दाखवायची म्हणून संचालकांनी मुद्दाम तोच चालू विषय ठेवायला सांगितला होता. मी गाडीतच म्हटलं होतं की सर, हा विषय नाजूक आहे, तलावाच्या गाळाचा विषय घेऊ. ते म्हणाले, "नको, संघर्ष दिसला पाहिजे." दुसऱ्याच्या घरातलं भांडण यांना नमुन्याला हवं होतं.

दीर बोलला, बाई बोलली. "माही चूल येगळी पेटते," ती म्हणाली. "धूर दिसत नाई का तुमाले? नवरा मेला म्हनून चूल मेली का?"

"वैनी, आमी तुमाले उपाशी ठेवून राह्यलो का?" दीर म्हणाला.

"उपाशी ठेव नाई त तूप खाऊ घाल. वाटा माहा हाये, तो माह्याच हातानं उचलीन."

मी भराभर सांगत होते, दिल्लीचा माणूस इंग्रजी करत होता, पाहुणे माना डोलावत होते. म्हाताऱ्या भाऊंनी एकेका चुलीला विचारलं. हो, हो, हो. बाईपाशी आले. "तुमचं काय, बाई?"

"नाई."

म्हातारे भाऊ गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागले. सभा संपली होती. उद्या सकाळी परत. सगळ्या गावाला हे माहीत होतं आणि मलाही. मी तसं पाहुण्यांना सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात संचालक उभे राहिले.

त्यांची अडचण अशी होती की बस अडीचला हलली पाहिजे. मार्कंड्याला, वैनगंगेच्या काठी, देवळांच्या मागे सूर्य बुडताना समारोप ठरला होता. छायाचित्रकार आधीच तिकडे गेला होता. आणि इथे पाहुण्यांना काय दिसलं? काहीच न ठरता सगळे उठले. हे काही त्यांना बरं दिसेना.

"आपण पाहुण्यांसाठी एक करूया," ते मोठ्याने म्हणाले. "ज्यांना प्रस्ताव मान्य आहे, त्यांनी हात वर करावेत. फक्त प्रतीकात्मक."

प्रतीकात्मक म्हणजे काय, हे कोणी विचारलं नाही. विचारतंय कोण, बस आल्यापासून सगळे पाहुण्यांच्या तोंडाकडे बघत होते. मी संचालकांजवळ जाऊन म्हटलं, "सर, इथे हात वर करत नाहीत. ती नाही म्हणाली आहे. सभा उद्या बसेल."

"उद्या आपण इथे नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "प्रक्रियेला शेवट लागतो."

"शेवट लागला तर त्यांना लागू दे ना, आपल्याला कशाला?" हे मी हळू आवाजात म्हटलं नाही. दोन-चार पाहुण्यांनी वळून पाहिलं. संचालक हसले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तेव्हा, आणि अजून पुरती उतरलेली नाही.

गावात पाहुण्याला नाही म्हणायची रीत नाही. भात पुरत नसला तरी वाढतात. म्हातारे भाऊ अर्धे उठलेले तसेच थांबले, इकडेतिकडे पाहिलं, पुटपुटले, "पाहुन्याचा शब्द कसा मोडाचा?" आणि त्यांनी हात वर केला. त्यांनीच केल्यावर मग काय? दिराचा तर आधीच अर्धा वर होता. गोल बसलेल्या साऱ्या गावाचे हात वर गेले. ती बाई तेवढी पदराखाली हात धरून बसून होती. ती नुसती बघत होती, एकेका हाताकडे, जणू ही माणसं आपली नाहीतच.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. कोळीण तेवढी वाजवत नव्हती. तिने मला विचारलं, "हिचं काय झालं?" मी काही म्हणायच्या आत दिल्लीच्या माणसाने तिला हिंदीत सांगितलं की बहुमताने निर्णय झाला.

मी बसमध्ये चढले नाही. बस धूळ उडवत गेली, सूर्यास्त गाठायला. मी त्या बाईच्या घरी राहिले. तिची चूल पाहिली, वर टांगलेल्या काळ्या पडलेल्या मासोळ्या पाहिल्या. तिने भात आणि तिखट रस्सा वाढला, आणि दिवा मालवून भिंतीकडे तोंड करून निजली. मला वाटलं, खचली.

सकाळी उठून पाहते तर घरात नाही. पाळीवर गेले. सभेच्या जागी, आपल्या नेहमीच्या जागेवर ती बसली होती, एकटीच. सतरंज्या शाळेत परत गेल्या होत्या. फलक तेवढा झाडाला होता. मी शेजारी बसले. ऊन वर आलं. धान मळायला माणसं समोरून जात होती, मान वळवून जात होती. शेवटी म्हातारे भाऊ आले.

"झालं ना बाई काल," ते म्हणाले. "हात वर केले ना साऱ्याईनं."

"हात वर केले तुमी. मी हो म्हनली का?"

"नाई."

"मंग सभा संपली कशी, भाऊ?"

म्हाताऱ्या भाऊंनी एकदा झाडावरच्या फलकाकडे पाहिलं. मग ते घराकडे गेले. ती दुपारपर्यंत बसली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसली. कोणी आलं नाही. आता त्यांना यायची गरजच उरली नव्हती. रोज रोज बसून एका बाईची समजूत काढण्यापेक्षा हात वर करणं किती सोपं, हे आम्ही त्यांना बस घेऊन जाऊन शिकवलं होतं.

नागपूरला येऊन मी संचालकांशी भांडले. ते शांतपणे म्हणाले, "तू भावनिक होते आहेस. ते प्रतीकात्मक होतं. आणि गावाने ते स्वीकारलं असेल, तर बहुमताचाही आदर करायला शिकलं पाहिजे." मी म्हटलं, माझी आई शाई लागलेलं बोट जपते, ते कुणाचा ढीग हिसकून घ्यायला नाही. नोकरी मी त्याच आठवड्यात सोडली. त्या वर्षीच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर, एका पाहुण्याने टिपलेले, ते वर गेलेले हात छापले होते. बाई चौकटीच्या बाहेर होती.

उन्हाळ्यात मासोळ्या काढायच्या दिवशी मी मुद्दाम गेले. पाळीवर चिखलाचा आणि पळसाच्या हिरव्या पानांचा वास भरला होता. बाई टोपली घेऊन आली आणि रांगेच्या कडेला उभी राहिली. ढीग लागले. तिचा नव्हता. दिराने आपल्या ढिगातल्या ओंजळभर मासोळ्या तिच्या टोपलीत टाकल्या. तिने टोपली तिथेच पालथी केली. "भीक मांगाले नाई आली," म्हणाली.

म्हाताऱ्या भाऊंना ते सोसलं नाही. त्यांनी स्वतः वाकून एक पान अंथरलं. "इचा ढीग लावा. माहं चुकलं. इनं हो म्हटलंच नव्हतं."

कोणी हललं नाही. मग दिराने मोठ्याने विचारलं, "सभेत ठरलं ते मोडाचं हाये का? हाये त हात वर करा." तो हसत नव्हता. त्याने ते अगदी संचालकांसारखंच म्हटलं, सगळ्यांवरून नजर फिरवत.

म्हाताऱ्या भाऊंनी हात वर केला. मी बाकीच्यांकडे पाहत राहिले. ज्यांनी या माणसाच्या "तुमचं काय" ला जन्मभर उत्तर दिलं, ते आपापल्या ढिगाकडे बघत होते. माझा हात वर जाऊन उपयोग नव्हता, मी त्या गावची नव्हते. बाईचा हात वर जाऊन उपयोग नव्हता, तिची चूल आता मोजत नव्हते. उन्हात तो एकच सुरकुतलेला हात वर होता, आणि म्हातारे भाऊ तो खाली घेईनात.

शेवटी बाईच पुढे झाली. तिने त्यांचा दंड धरला.

"हात खाली घ्या, भाऊ," ती म्हणाली. "लोकाइच्या मासोळ्या खराब होऊन राह्यल्या."