आम्रपालीची वाकडी रेष

आष्ट्यात स्टँडच्या मागं आम्रपालीचं दुकान आहे. इन्व्हर्टर, मोटरीचा स्टार्टर, डेअरीतला वजनकाटा, असलं काही बिघडलं की लोक तिच्याकडं आणतात. लग्नाआधी ती सांगलीत एका कारखान्यात टेस्टिंगला होती. तो बंद पडला तेव्हा भंगारात निघालेला जुना ऑसिलोस्कोप तिनं घरी आणला. सर्किटमधली वीज कशी वरखाली होते ते हिरव्या रेषेनं पडद्यावर दाखवणारं हे धूड. सासूबाई आक्काताई त्याला 'तुझा डबा' म्हणत.

यंदाच्या उन्हाळ्यात डबा बिघडला. काही जोडलेलं नसताना मधोमध सरळ रेष दिसायला हवी. ती तिरकी झाली, वर सरकली. आम्रपालीनं कव्हर उघडलं. जुने कपॅसिटर बदलले, रेष तशीच. स्विचमध्ये क्लीनर मारला, तशीच. आतले व्होल्टेज मोजले तर सगळे बरोबर! शेवटी वैतागून तिनं आतले स्क्रू पिळले आणि रेष जबरदस्तीनं सरळ केली.

दुसऱ्या दिवशी रेष उलट्या बाजूला तिरकी.

जेवण घेऊन आलेल्या आक्काताईंनी सुनेचं तोंड बघितलं. "काय झालं गं?"

"आवं आत्या, काल सरळ केली हुती. आज बघा!"

"मग दे की भंगारात. किती डोळं फोडून घेतीस!"

"आन् लोकांची कामं काय बघून करू?"

तिनं पुन्हा स्क्रू पिळले. रेष सरळ झाली न झाली, तोच शेजारच्या गाळ्यासमोर टेंपो लागला. तिथं वीरधवलचा यंदाच सुरू झालेला डीजेचा धंदा. हळदीला गेलेले मोठे स्पीकर परत आले होते, पोरं ते मधल्या भिंतीला, आम्रपालीच्या टेबलाच्या बरोबर मागं, लावून ठेवू लागली. धप्प. रेष हलली. पुन्हा धप्प. आणखी तिरकी.

हादऱ्यानं कुठलं तरी कनेक्शन निसटत असेल म्हणून तिनं डब्यावर थापा मारल्या. रेष जागची हलली नाही. मग तिनं अन् आक्काताईंनी डबा धरून समोरच्या भिंतीकडं नेला. जसजशा लांब गेल्या, तसतशी रेष फिरत गेली. स्पीकरमधलं लोहचुंबक! स्पीकर हळदीला गेले की रेष एकीकडं, परत आले की दुसरीकडं. पडद्याच्या नळीभोवती चुंबकाचा ओढा अडवणारं जे धातूचं कवच असतं, ते या भंगारातल्या डब्याला नव्हतंच. आणि ती आठवडाभर चांगले पार्ट काढून फेकत होती.

ती तरातरा शेजारी गेली.

"भाऊजी, तुमचं स्पीकर पल्याडच्या भिंतीला लावा. माझी मशीन बिघडतीय."

"वहिनी, स्पीकर बंद हायत की! आवाज कुठं हाय?"

"आवाजाचं न्हाई वो, आतल्या लोहचुंबकाचं. ते काय बंद हुतंय व्हय?"

"त्या भिंतीला लय ओल हाय. माझा माल कुजंल."

वाद घालून काही उपयोग झाला नाही. शेवटी तिनं आपलंच टेबल दाराजवळ सरकवलं आणि पिळलेले सगळे स्क्रू एकेक करून पुन्हा जुळवले. रेष सरळ झाली, पण दारातून येणाऱ्या उन्हात ती दिसेचना. आम्रपालीनं कपाळाला हात लावला. आक्काताईंनी घरून जुनं लुगडं आणून दारावर बांधलं.

आता काम चालतं. फक्त लुगडं बघून गिऱ्हाईक बाहेरूनच विचारतं, "आज बंद हाय का?"

"उघडं हाय!" आम्रपाली आतून ओरडते. "या की आत!"