घरटी एक सही

मुंबईकडून येणारा दुहेरी रेल्वेमार्ग वीरपर्यंत येतो आणि तिथे संपतो. पुढे दक्षिणेकडे एकच मार्ग. समोरून किंवा मागून दुसरी गाडी आली की एकीने स्टेशनात बाजूच्या रुळावर उभं राहायचं. कोणी उभं राहायचं हे मानावर ठरतं. जलद गाडी मानाची, पॅसेंजर बिनमानाची. गावच्या देवळात नारळ आधी कोणी वाढवायचा यावरून झालेले वाद ज्यांनी पाहिलेत, त्यांना यात नवीन काही वाटत नाही.

हा मार्ग वीरच्या पुढेही दुहेरी व्हावा म्हणून महाडात एक समिती स्थापन झाली, आणि माझं अक्षर बरं असल्यामुळे मी तिचा सचिव झालो. निवृत्त होऊन घरात पुस्तकं वाचत बसलेला मास्तर समित्यांना लांबून दिसतो. अध्यक्ष पोलादपूरचे. पोलादपूरला रेल्वे येतच नाही, तेव्हा ते कुठल्याच स्टेशनच्या बाजूने झुकणार नाहीत, असं त्यांचं नाव सुचवणाऱ्याने सांगितलं. कोणी हसलं नाही, म्हणून मीही हसलो नाही.

सभा चवदार तळ्यामागच्या गल्लीतल्या एका हॉलमध्ये भरायची. मार्चमध्ये मात्र तळ्याच्या सत्याग्रहाच्या स्मृतिदिनामुळे तो मिळायचा नाही. दीपप्रज्वलन, मग सत्कार, मग सत्काराला उत्तर. पहिल्या सभेत समितीने समितीचाच सत्कार केला. रेल्वेचा विषय निघाला तेव्हा चहा आला होता.

निवेदनाचा मसुदा अध्यक्षांनी स्वतः तयार करून आणला. शेवटची ओळ होती : "तरी सदर दुहेरी मार्ग पूर्ववत सुरू करण्यात यावा, ही नम्र विनंती."

मी म्हटलं, "साहेब, पूर्ववत म्हणायचं तर तो आधी असायला हवा ना?"

"मास्तर, तुम्ही शाळेत होतात, मी निवेदनात होतो. पूर्ववत लिहावंच लागतं. नाहीतर त्यांना वाटेल, आपण काहीतरी नवीन मागतोय."

मसुदा बंद पडलेल्या एखाद्या एसटीसाठी केलेल्या निवेदनावरून उतरवला होता हे उघड होतं. पण माणूस अगदीच चूक नव्हता. हरवलेल्या वस्तूची तक्रार नोंदवतात. कधी मिळालीच नाही त्या वस्तूची कुठे नोंदवायची? तो शब्द राहिला.

त्या सभेनंतर माझी एक जुनी विद्यार्थिनी दारात थांबली होती. वीरच्या दक्षिणेला एका छोट्या स्टेशनजवळच्या वाडीत तिला दिलेली. नवरा मुंबईला कंपनीत, सासरे वारलेले. घरी ती, सासू आणि लहान मुलगी. वीरवरून पुढे, मुंबईच्या बाजूला, माणगावला एका खाजगी इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. नोकरी एका वर्षाच्या करारावर. सकाळच्या पॅसेंजरने जायची, कारण वाडीतून पहिली एसटी निघून महाडला पोचेपर्यंत तिची कामाची वेळ टळलेली असे. वेळापत्रकाप्रमाणे गाडी तिला अगदी आरामात पोचवायची. पण गाडी वेळापत्रकाप्रमाणे चालत नव्हती. वीर येईपर्यंत कुठेतरी मानाच्या गाडीसाठी बाजूला उभी राहायची. हजेरीपटावर तिच्या नावापुढे लाल खुणा वाढत होत्या.

"मोठ्या डॉक्टरबाई म्हणतात, महाडची माणसं एसटीने वेळेवर येतात, तुझीच गाडी रोज कशी थांबते? त्यांना वाटतं मी झोपून राहते. मेमध्ये करार संपतो, सर. असंच चाललं तर वाढवणार नाही म्हणाल्या." मग तिने विचारलं, "मार्ग दुहेरी व्हायला किती दिवस लागतील?"

"दिवस?" मी म्हटलं.

ती हसली. "म्हणजे मेच्या आत नाही."

"कुठल्या मेच्या, ते विचारू नकोस."

"मग निदान गाडी थांबते एवढं तरी रेल्वेतलं कोणी लेखी मान्य करील का? मला तेवढं पुरेल."

समितीच्या सगळ्या कामकाजात कोणी काहीतरी पुरेल म्हटल्याचं मला तेवढं एकच आठवतं.

पुढे कळलं की एक मोठे अधिकारी मार्गाच्या पाहणीला येणार आहेत आणि वीरला थोडा वेळ उतरणार आहेत. त्यांना निवेदन द्यायचं ठरलं, आणि सोबत मार्गावरच्या गावांच्या सह्या. मी रकाने आखून कागद तयार केले, गावोगाव पाठवले आणि निरोप दिला : गावातल्या सगळ्यांच्या सह्या घ्या.

इथेच मी चुकलो. आयुष्य या तालुक्यात काढूनही चुकलो. आमच्याकडे गावातले सगळे म्हणजे गावातली सगळी घरं. पाखाडीचे, म्हणजे वाडीतल्या दगडी पायवाटेचे, धोंडे बसवायचे असोत, विहिरीतला गाळ काढायचा असो, शिमग्याची वर्गणी असो, हिशेब घरटी एक. गावकीला माणसं दिसत नाहीत, उंबरे दिसतात.

कागद परत आले ते स्वच्छ, क्रमवार, एकही घर न सोडता. प्रत्येक घराची एक सही, आणि ती घरातल्या कर्त्या पुरुषाची. निम्मे कर्ते पुरुष मुंबईला. त्यांच्या नावापुढे इथल्या कोणीतरी 'करिता' लिहून सही ठोकलेली. बाईचं एकही नाव नाही. माझ्या विद्यार्थिनीच्या वाडीचा कागद मी खास शोधून काढला. तिच्या घरापुढे सासऱ्यांची सही होती, निळ्या शाईत, झोकदार. त्यांच्या तेराव्याला मी स्वतः जेवून आलो होतो.

अध्यक्षांना दाखवलं. ते म्हणाले, "असू दे. किती सह्या ते बघतात. त्यातले जिवंत किती, कोण विचारतंय?"

ते कदाचित खरंच कोणी विचारलं नसतं. पण रोज गाडीत बसणारी बाई त्या कागदावर नाही आणि मेलेला माणूस आहे, हे माझ्या घशाखाली उतरेना. रविवारी कागद घेऊन मी वाडीवर गेलो.

देवळाच्या मंडपात पाचसहा जण बसले होते. मध्ये वाडीतले सगळ्यांत वडीलधारे, ज्यांना सगळे आबा म्हणतात. मी कागद पुढे केला.

"आबा, ह्या सह्या कशा घेतल्यात?"

"कशा म्हंजे? घरटी येक. येक पन घर सोडला नाय."

"ह्यात वारलेली माणसं आहेत."

"घरपट्टी त्यांच्याच नावानं येते, मास्तर. ती भरताना कोन बोलत नाय, मानूस मेलाय म्हनून."

"पण ते गाडीत बसत नाहीत."

"बसत असतील," खांबाला टेकलेला एक जण म्हणाला, "तिकीट काढत नसतील."

सगळे हसले. हसणं ओसरल्यावर मी म्हटलं, "मला घरातल्या सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या. बायकांच्यासुद्धा."

आबांनी मान हलवली. "येका घराच्या चार नि दुसऱ्याची येक? त्या कोपऱ्यातल्या घरात म्हातारी येकलीच हाय. म्हनून तिचा घर ल्हान झाला काय? आन आज चार सह्या दिल्या, त उद्या पाखाडीला तुमी त्याच घरातली चार मानसा मागाल. नको. घरटी येक बरा. वाद नाय."

समानतेवर मी बरंच वाचलं आहे, त्यातली काही पुस्तकं जाड होती. कोपऱ्यातल्या म्हातारीचं घर त्यांत कुठे आल्याचं मला आठवेना.

तेवढ्यात माझी विद्यार्थिनी सासूबरोबर मंडपाच्या पायरीशी आली. मास्तर आल्याचं वाडीत तोवर पसरलं होतं. तिने कागद मागून घेतला आणि आपल्या घरासमोरची सही पाहिली.

"आबा, घरटी एकच ठेवा," ती म्हणाली. "पण ती एक कोणाची, ते कोण ठरवतं?"

"घर ठरवतं. दुसरा कोन?"

"मग पावसाळ्यानंतर पाखाडीच्या कामाला आमच्या घरचं कोण येतं?"

"तू येतेस."

"धोंडे उचलायला घर माझं, आणि सही करायला मामंजी वरून येतात?"

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग सासू, जी तोवर पदर सावरत उभी होती, ती कागदाकडे न बघताच म्हणाली, "त्यांस्नी सही येत नव्हती. अंगठा करायचे."

हसू मघापेक्षा मोठं होतं. सगळ्यांत जोरात खांबाला टेकलेला माणूस हसला, आणि ज्या घाईने त्याने तोंड फिरवलं त्यावरून झोकदार निळी सही कोणाच्या हातची, हे मला कळलं. आबाही हसले, पण त्यांनी निर्णय गंभीरपणे दिला.

"कर गो सूनबाय. घरटी येक. तुमच्या घराची तुझी."

नवा कागद तिथेच आखला. प्रत्येक घराला विचारायचं, तुमच्याकडचं गाडीत कोण बसतं? उत्तर द्यायला घराघराला वेळ लागला, कारण असं कोणी कधी विचारलं नव्हतं. कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली निघाल्या. माणगावच्या बाजारात भाजी नेणारी एक काकी निघाली. तिला आपलं संपूर्ण नाव लिहायचं म्हणजे नवऱ्याचंही लिहावं लागेल, म्हणून ती लाजली. दोन घरांनी मेलेला माणूस सोडला नाही. सह्या पहिल्याइतक्याच भरल्या. आबांनी बोटाने घरं मोजून खात्री करून घेतली.

निघताना विद्यार्थिनीने मला आणखी दोन कागद दिले, एकाच मजकुराच्या दोन प्रती. गेल्या महिन्याभरात गाडी कुठल्या दिवशी, कुठल्या स्टेशनात, किती वेळ उभी राहिली आणि कुठली गाडी पुढे गेली, एवढंच. एकही विशेषण नव्हतं. मराठीचा मास्तर म्हणून मला बरं वाटलं.

"एक निवेदनाला जोडा, सर. दुसऱ्यावर पोच घ्या. शिक्का पाहिजे. त्या दिवशी मला रजा नाही मिळणार."

पाहणीच्या दिवशी आम्ही सकाळीच वीरच्या फलाटावर हजर होतो. कापडी फलकावर अध्यक्षांचा फोटो मोठा आणि मार्ग छोट्या अक्षरांत. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. अधिकाऱ्यांची खास गाडी दक्षिणेकडून आली. साहेब उतरले, शाल पांघरली, उकडत असतानाही फोटो होईपर्यंत ठेवली. अध्यक्षांनी भाषण केलं. त्यात रायगड आला, सह्याद्री आला, सावित्री नदी आली. पॅसेंजर आली नाही.

मी निवेदन पुढे केलं. साहेबांनी पानं चाळली आणि जोडलेल्या कागदावर थांबले. तो मात्र त्यांनी वाचला.

"हे कोणी लिहिलंय?"

"रोजच्या गाडीने जाणाऱ्या एका बाईने."

"आल्यात का इथे?"

"नाही. सकाळची पॅसेंजर अजून आलेली नाही. तुमची गाडी पुढे काढायची म्हणून तिला मागच्या स्टेशनात थांबवलीय."

अध्यक्षांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बहुधा पुढच्या सभेला सचिव नसणार. साहेब मात्र रागावले नाहीत. ते म्हणाले, दुहेरी मार्गाचा निर्णय दिल्लीत होतो, माझ्या हातात नाही. हे खरंच असणार. मी दुसरी प्रत काढली आणि पोच मागितली. त्यांच्या सोबतचा कारकून निवेदनावर शिक्का मारायला तयार होता, या प्रतीवर नव्हता. "जोडपत्रांवर पोच देत नाहीत," तो म्हणाला.

मी खिशातलं पेन काढून यादीच्या शेवटी एक ओळ वाढवली : आजची तारीख, मागच्या स्टेशनचं नाव, आणि 'पाहणीची खास गाडी'. साहेबांनी ती ओळ वाचली. शाल खांद्यावरून काढून शेजारच्याकडे दिली.

"मारा शिक्का," ते कारकुनाला म्हणाले.

पॅसेंजर आली तेव्हा साहेबांचा चहा चालला होता. मी डब्यांच्या कडेने चालत गेलो. तिसऱ्या की चौथ्या डब्याच्या खिडकीत ती होती. कागद हातात दिला. तिने आधी शिक्का उजेडात धरून पाहिला, मग मी वाढवलेली ओळ वाचली.

"सर, अक्षर बिघडलंय तुमचं," ती म्हणाली. गाडी सुटली.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला. कागद डॉक्टरबाईंनी वाचला होता, शिक्का दोनदा. पूर्वी ती तोंडाने सांगायची तेव्हा ती सबब होती. आता रेल्वेच म्हणत होती, तेव्हा गाडी खरंच थांबत असली पाहिजे. तिची वेळ अर्ध्या तासाने पुढे सरकवली. संध्याकाळी अर्धा तास जास्त थांबायचं. लाल खुणा राहिल्या, पण त्यांच्यापुढे बाईंनी पेन्सिलीने 'गाडी' असं लिहिलं. मेमध्ये करार आणखी वर्षभर वाढला.

समितीने पुढच्या सभेत अध्यक्षांच्या अभिनंदनाचा ठराव केला. तो लिहायला अजून मीच होतो. बऱ्या अक्षराचा दुसरा कोणी मिळाला नव्हता. निवेदन दिल्लीला गेल्याचं पत्र मधे आलं, त्यानंतर काही आलेलं नाही.

परवा बाजारात आबा भेटले. म्हणाले, पाखाडीचं काम या वर्षी लवकर काढायचं आहे, घरटी एक माणूस पाहिजे, पण सूनबाय रविवारशिवाय मोकळी नसते.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. काम रैवारी ठेवलाय."