जरीचा हार

महापूर ओसरला तेव्हा सांगलीच्या जुन्या भागात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोकांचे संसार पडलेले होते. गाद्या, शिलाई मशिनी, फुगलेली पुस्तकं आणि ढीगभर फोटो. मी विश्रामबागेत राहते. आमच्या दारापर्यंत पाणी आलं नव्हतं, म्हणून मदतीला गेले होते. खराट्यानं गाळ ओढता ओढता लग्नाचा एक फोटो हाती लागला. नवरानवरी दोघांची तोंडं पाण्यानं पुसून नेली होती आणि मागची कागदी कमान मात्र शाबूत होती. त्या घरच्या बाईंना विचारलं, ठेवायचाय का? त्या म्हणाल्या, "कुणाचा म्हनून ठिवू?" मी तो पिशवीत टाकला. मग आणखी एक, मग आणखी. बाकीच्या बायका पाण्याच्या बाटल्या वाटत होत्या आणि मी भुतं गोळा करत होते, असं आमच्या घरात आजही सांगितलं जातं.

मी काही चित्रकार नव्हे. नोकरी सुटल्यावर हात रिकामे राहिले, म्हणून पोस्टकार्डाएवढ्या चौकटी करायला लागले. त्यात एक पुसट फोटो, जुन्या साडीच्या काठाचा तुकडा, मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांच्या गल्लीतून मागून आणलेल्या तुटक्या तारा आणि रंगाऐवजी पुराचाच गाळ, चाळून गोंदात कालवलेला. वाळल्यावर तो चहासारखा दिसतो. पावसाळी हवेत चौकटी वास सोडतात. तो वास सांगलीत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तरी लोक त्या विकत घेतात, याचं मला नवल वाटतं. नवरा म्हणतो, पाटीच लावू दारावर, इथे भुतं रास्त दरात मिळतील.

तोंड नसलेली माणसं खपतात, हे मला लवकरच कळलं. घेणाऱ्याला त्यात आपली आजी बसवता येते, आपला काका बसवता येतो. एक फोटो मात्र तसा नव्हता. विशीतला मुलगा, स्टुडिओतला रंगवलेला पडदा, प्लॅस्टिकच्या फुलांच्या स्टँडवर टेकवलेला हात, मनगटावर बहुधा कुणाचं तरी मागून घातलेलं घड्याळ. पाण्यानं त्याचे पाय नेले होते, अर्धा पडदा नेला होता, दुसरा हात नेला होता. चेहरा ठेवला होता. डोळे तर असे की आत्ताच कुणी हाक मारली आहे आणि त्यानं वळून पाहिलंय.

मला तो टेबलावर नकोसा व्हायचा. पालथा घातला की जास्तच जाणवायचा. कात्री शोधायला वळले तरी पाठीवर नजर आहे असं वाटायचं. मी घाबरट नाही, पण त्या खोलीत एकटी असताना मी रेडिओ लावायला लागले होते. शेवटी मनाशी म्हटलं, बाबा, तू कोण कुठला मला माहीत नाही, पण तुझं व्यवस्थित करून टाकते. जुन्या साडीची जर सोडवली, तिच्या बारीक गाठी मारून फुलं केली आणि त्याला हार घातला. कपाळाच्या दोन्ही कडांपासून गालांवरून उतरत छातीपर्यंत, थेट फोटोवर चिकटवून. आपल्याकडे हार घातला की माणूस भिंतीवर जातो, कामात व्यत्यय आणत नाही. इतका जुना फोटो, तोही रस्त्यावर टाकलेला. माणूस अजून जिवंत असेल असं माझ्या मनातच आलं नाही.

दिवाळीच्या आधी आमच्या भागात बायकांचं प्रदर्शन भरतं. पणत्या, फराळ, पर्सेस आणि कोपऱ्यात मी. लोक त्या मुलाची चौकट उचलायचे, थोडा वेळ बघायचे आणि हलकेच खाली ठेवून दुसरी घ्यायचे. मग एक बाई आल्या. साठीच्या, काठपदराच्या साडीतल्या, शेतातल्या कामानं राकट झालेल्या हातांच्या. विश्रामबागेत राहणाऱ्या लेकीनं त्यांना आणलं होतं आणि ती शेजारच्या टेबलावर पणत्या निवडत होती. बाईंनी ती चौकट उचलली आणि खाली ठेवलीच नाही.

"ह्यो हार कुणी घातला?"

मला वाटलं, कौतुक करताहेत. "मीच. खरी जर आहे, जुन्या साडीतली."

"त्ये न्हाई इचारलं, बाई. ह्यो गेलाय म्हून तुमास्नी कुणी सांगितलं?"

बाई टेबलाच्या कडेला हात टेकून उभ्या राहिल्या. "माझा भाऊ हाय ह्यो. धाकला."

त्यांचं माहेर सांगलीच्या जुन्या भागातलं, सासर उंब्रजचं. भाऊ ट्रकवर होता. माल घेऊन खाली कर्नाटकाकडे गेला, चार दिसात येतो म्हणाला आणि आला नाही. ट्रक सापडला नाही, माणूसही सापडला नाही. आईवडील वाट बघत बघत गेले. या बाई मात्र दर भाऊबीजेला उंब्रजहून यायच्या, बंद घराचं कुलूप काढायच्या, भिंतीवरचा फोटो उतरवून पाटावर ठेवायच्या आणि ओवाळायच्या. पुरानंतर शेजाऱ्यांनी चांगुलपणानं घर उघडून साफ केलं. फोटो रस्त्यावर गेला.

"तवापास्नं सुपारी ठिवती पाटावर," त्या म्हणाल्या. "पर सुपारीला काय डोळं असत्यात व्हय? समदी म्हनत्यात, चंद्राला ओवाळ. आवं, जिला भाऊ न्हाई तिनं चंद्राला ओवाळायचं. मला हाय की."

मी म्हटलं, घेऊन जा, तुमचाच आहे. त्या जागच्या हलल्या नाहीत. "हार घातलेल्याला ओवाळत न्हाईत. त्यो काढा आदी."

माझ्या पिशवीत चिमटा असतो, पाण्याची बाटली होती. पुरात भिजलेल्या फोटोचा वरचा थर दुधावरच्या सायीसारखा होतो, जरा धक्का लागला की सुटतो. हे मला माहीत होतं, तरी हात घातला, कारण त्या बाईंच्या समोर नाही म्हणायची माझी छाती नव्हती. सर्वांत खालचं फूल ओलं करून चिमट्यानं उचललं. फुलाबरोबर शर्टाचं बटण आलं. त्या जागी पांढरा कागद राहिला.

"वरची फुलं हनुवटीवर, गालांवर आहेत, ताई," मी म्हटलं. "हार काढला तर चेहरा जाईल."

"आन ऱ्हायला तर?"

मी चिमटा खाली ठेवला. तेवढ्यात लेक पणत्यांची पिशवी घेऊन आली. तिनं फोटो ओळखला, हारही बघितला. आईच्या पाठीवर हात ठेवून ती हळूच म्हणाली, "आई, राहू दे की आता तो हार." वाईट काही बोलली नव्हती ती. पण त्या 'आता'त जे होतं ते आम्हा तिघींनाही कळलं आणि मला इतकं कानकोंडं झालं की मी टेबलावरच्या चौकटी सारख्या करत बसले.

बाईंनी चौकट डोळ्यांजवळ धरली. दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही बाजूंचा हार झाकला. मध्ये नुसते डोळे, नाक आणि ओठ राहिले. ओठ हलवत त्या त्याच्याशी काहीतरी बोलल्या, मला ऐकू आलं नाही. अंगठे काढले, पुन्हा झाकले. मग चौकट माझ्यापुढे केली.

"बांदून द्या."

मी कागदात गुंडाळून दिली. त्यांनी ती पदराखाली घेतली आणि विचारलं, "तुमी ऱ्हाता कुठं?"

मी सांगितलं. गल्ली, इमारत, कितवा मजला, सगळं. त्यांनी लेकीला ते नीट ध्यानात ठेवायला लावलं, परत म्हणून दाखवायला लावलं. मग माझ्याकडे वळल्या. राग नव्हता तोंडावर. व्यवहार ठरवताना माणूस बोलतो तसं बोलल्या.

"ह्यो हार तुमी घातलाय. म्या न्हाई. त्यो आला म्हंजी तुमच्याकडंच लावून देती त्येला. का घातला, त्ये तुमीच सांगा."

त्या दिवाळीला त्यांनी पाटावर काय ठेवलं ते मला ठाऊक नाही. आमची बेल वाजली की दार उघडायला आता मीच जाते. घरातले हसतात. तो आज पन्नाशी ओलांडलेला असेल, केस गेले असतील, अंगानं सुटलाही असेल. कुरिअरवाला असो, नळवाला असो, मी आधी त्याचे डोळे बघते. काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.