आडनाव काय म्हणालात?

मंडळी, संध्याकाळपासून जिवाला चैन नाही.

स्कूल बोर्डाच्या मीटिंगला लेकीला घेऊन गेले होते. शाळेत एथ्निक स्टडीज, म्हणजे इथल्या वेगवेगळ्या समाजांचा इतिहास, शिकवायचा का, यावर वाद होता. आमच्या मराठी मंडळातले एक काका माइकवर तावातावाने म्हणाले, "भारतीयांच्या धड्यातून जात काढा. अमेरिकेत कोण विचारतं जात?" आम्ही टाळ्या वाजवल्या.

बाहेर पार्किंग लॉटमध्ये नागपूरहून नुकतीच आलेली नेहा भेटली. काका खूश. "रविवारी जेवायलाच या आमच्याकडे! आडनाव काय म्हणालात?"

तिने सांगितलं. काका "अच्छा, अच्छा" म्हणत गाडीची किल्ली शोधायला लागले. पत्ता काही दिला नाही.

गाडीत लेक म्हणाली, "आई, व्हाय डिडन्ट ही गिव्ह हर द ॲड्रेस?"

मी रेडिओ लावला.

धड्यातून जात काढा, यावर टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. आता लेकीला हे शिकवायचं कोणी?