प्लॅस्टिक न काढलेली खुर्ची

नयनाताई भोईर खुर्चीत बसल्याचं मला आठवत नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ठाण्यातल्या एका छोट्या कारखान्यात त्या टेस्टिंगच्या प्रमुख होत्या आणि मी त्यांच्या हाताखालचा इंजिनीअर. चाचणी सुरू झाली की त्या टेबलाभोवती फेऱ्या मारत, बांगड्या कोपराकडे सारत, घरून आणलेली भाकरीही उभ्यानेच खात.

"बसा की ताई," मी म्हणायचो.

"बसलं की डोकं झोपतं रे. तू बस, तुझं झोपलेलंच आहे."

हृदयरोग्याच्या छातीला लावून ठोके नोंदवणारं यंत्र आम्ही बनवत होतो. नोंद फ्लॅश मेमरीच्या चिपवर व्हायची. अशा चिपमधले काही ब्लॉक, म्हणजे साठवणीचे कप्पे, जन्मतःच खराब असतात. बनवणारे त्यांवर खूण करून पाठवतात. ती खूण आधी वाचून घ्यायची आणि मगच चिप पुसायची. आधी पुसली तर खूणही जाते, आणि ते ब्लॉक चाचणीत बरेचदा धडधाकट दिसतात, पुढे वापरात दगा देतात.

"आधी वाचा, मग पुसा," ताई दिवसभर बजावायच्या.

माल रवाना होण्याच्या आदल्या दिवशी एका यंत्राने चुकीचे ठोके दाखवले. ताई दोन फेऱ्या मारून जागीच थांबल्या. त्यांना थांबलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मग त्या थेट मालकांच्या केबिनमध्ये गेल्या. मीही मागोमाग गेलो.

"साहेब, या लॉटच्या चिपा मी न वाचताच पुसलेल्या. घाई केली. माल थांबवा."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. चुका दुरुस्त करणारा कोड मी लिहिला होता. "तुझा कोड सांभाळून घेईल ना?"

एका ठिकाणचा एक चुकलेला बिट, म्हणजे नोंदीतला एक अंक, तो सुधारायचा. दोन चुकले की हात टेकायचा, आणि खराब ब्लॉकमध्ये कितीही चुकू शकतात. हे मला पक्कं ठाऊक होतं.

"तसं... घेईल," मी म्हणालो.

ताई माझ्याकडे वळल्या. "तसं म्हणजे कसं रे? तुझ्या बाबांच्या छातीला लावशील हे?"

मी मान खाली घातली. मालकांना तेवढं पुरलं. माल थांबला, ऑर्डर हातची गेली आणि आठवड्याभरात ताईंनाही जायला सांगितलं. त्यांची जागा मालकांनी मला देऊ केली. ताईंच्या जागी मला बसवू नका, असं म्हणायला हवं होतं. मी "थँक यू, सर" म्हणालो.

सामान पिशवीत भरताना ताई नेहमीच्याच सुरात बोलल्या. "चिप आली की आधी वाच. माझ्याकडून घाई शिकलास, तेवढी सोड." रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. घरी, बाळकुमला जायच्या रिक्षात बसतानाही त्यांचा एक पाय बाहेरच होता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खुर्चीत बसलो. खालून करकर आवाज आला. इतक्या वर्षांत खुर्चीवरचं प्लॅस्टिकही निघालं नव्हतं. मी उठलो. चाचणी लावली आणि टेबलाभोवती चालू लागलो.